विद्यार्थ्याच्या मनाची विचारपूस

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास सांगताना शाळा किती निघाल्या, पदवीधर किती झाले, याची मोजदाद आम्ही हौसेने करतो. परंतु घर सोडून शिकावयास आलेल्या पोराचे मन कोणी सांभाळले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्याचे पहिले उत्तर वसतिगृह हे होय. १९०१ साली शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली, आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्यांना जेवू घातले. मानसशास्त्राचे नाव तेथे कोणी घेत नसेल. पण एका पंक्तीत बसणाऱ्यांत कोणी ताटावरून उपाशी उठला, तर ते लपून राहणे कठीण. त्या व्यवस्थेचे खरे बळ यातच होते.

१९४७ साली डॉ. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापिले आणि उच्च शिक्षण या जिल्ह्याच्या दारी आले. पुढे पाथर्डी-जामखेडकडच्या जिराईत मुलुखातून, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतूनही मुले महाविद्यालयात येऊ लागली. घरातला शिकणारा तो पहिलाच; त्याच्या अपयशात साऱ्या घराचे अपयश. वर्ग मोठे झाले, अनेकांच्या वाट्याला पंक्तीऐवजी भाड्याची खोली आली, आणि विचारपूस करणारे माणूस दूर गेले.

ही उणीव जाणत्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने महाविद्यालयांत दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असे सुचविले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने समुपदेशक नेमावा, असा निर्देश द्यावा लागला. दोहोंमध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली. शिफारशीने जे साधले नाही, त्याला न्यायासनाचा आधार घ्यावा लागला, हे आम्हांस भूषणावह नाही.

दरम्यान भ्रमणध्वनी आला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस ही विनामूल्य सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. २०२४ साली तिचे ॲपही निघाले. मनाच्या वैद्याकडे गेला की 'वेडा' असा शिक्का बसण्याची भीती जेथे अजून आहे, तेथे ही गुप्तता मोठीच सोय आहे. मध्यरात्री खोलीत एकट्या तळमळणाऱ्यास तेवढाच आधार.

तथापि, ॲप जो उघडतो त्यालाच ते उत्तर देते. जो उघडतच नाही, त्याचे उपाशी उठणे ते पाहत नाही. म्हणून यंत्र की माणूस, असा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. यंत्राने दार उघडावे. दारात माणूस उभे असावे. चार दिवस वर्गात न दिसलेल्या मुलाची चौकशी करणारा प्राध्यापक, सोबत चालत समुपदेशकाकडे नेणारा मित्र, आणि गुणांआधी 'जेवलास का?' असे विचारणारे घर, एवढे जुळले तर वसतिगृहाची ती पंक्ती पुन्हा मांडता येईल.