युद्धाच्या कल्पनेपासून युद्धाच्या स्मृतीपर्यंत : 'बोल्ट थ्रोअर' या ब्रिटिश डेथ मेटल बँडची वाटचाल (१९८६–२०१६)

प्रस्तावना :

आधुनिक इंग्लंडच्या इतिहासाचे अध्ययन आपल्याकडे प्रामुख्याने संसद, साम्राज्य, औद्योगिक क्रांती आणि दोन महायुद्धे या अंगांनी केले जाते. या घडामोडींकडे औद्योगिक शहरांतील सामान्य तरुण कसे पाहत होते, याची नोंद मात्र सरकारी दप्तरांत क्वचितच आढळते. अशा वेळी लोकप्रिय संगीत हे इतिहासाचे पूरक साधन ठरू शकते. प्रस्तुत शोधनिबंधात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या 'बोल्ट थ्रोअर' या डेथ मेटल बँडच्या तीस वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

डेथ मेटल हा हेवी मेटल संगीताचा अतितीव्र प्रकार होय. १९८० च्या दशकाच्या मध्यास तो अमेरिकेत आकारास आला. खालच्या पट्टीत लावलेली गिटार, ड्रम्सचा प्रचंड वेग, गुरगुरल्यासारखे गायन आणि मृत्यूविषयक आशय ही त्याची ठळक वैशिष्ट्ये सांगता येतील. बहुसंख्य बँड रोग, प्रेते व सैतान यांत रमले असता 'बोल्ट थ्रोअर'ने मात्र युद्ध हा एकच विषय अखेरपर्यंत धरून ठेवला. या विषयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कशी बदलत गेली, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यासाठी त्यांचे अल्बम, अल्बमची मुखपृष्ठे आणि बँडचे जाहीर निर्णय यांचा साधने म्हणून उपयोग केला आहे.

कॉव्हेंट्रीची पार्श्वभूमी :

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर केलेल्या बॉम्बवर्षावात पाचशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले आणि सेंट मायकेल्स हे मध्ययुगीन कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. त्याचे भग्नावशेष तसेच जतन करून शेजारी नवे कॅथीड्रल उभारण्यात आले. १९६२ मध्ये त्याच्या प्रतिष्ठापनेनिमित्त बेंजामिन ब्रिटन यांची 'वॉर रिक्विएम' ही युद्धविरोधी संगीतरचना तेथे प्रथम सादर झाली. युद्धाची स्मृती अशा रीतीने या शहराच्या नित्य परिसराचाच भाग बनली.

युद्धोत्तर काळात मोटारउद्योगामुळे कॉव्हेंट्री भरभराटीस आले. परंतु १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या उद्योगाला उतरती कळा लागली आणि बेकारी वाढली. याच शहरातील 'द स्पेशल्स' या बँडने १९८१ मध्ये 'घोस्ट टाऊन' या गीतातून शहरांच्या उजाडपणाला वाचा फोडली. जवळच्या बर्मिंगहॅममध्ये 'ब्लॅक सॅबथ'ने १९७० च्या सुमारास हेवी मेटलचा पाया घातला होता. 'बोल्ट थ्रोअर'ची निर्मिती अशा भूमीत झाली. तथापि, बॉम्बवर्षाव झाला म्हणून युद्धविषयक संगीत निर्माण झाले, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून होणार नाही. परिसर हा शक्यता निर्माण करतो. निवड माणसेच करतात.

प्रारंभीचा काळ : काल्पनिक रणभूमी (१९८६–१९९१)

गॅव्हिन वॉर्ड व बॅरी थॉमसन यांनी बँडची स्थापना केली. 'बोल्ट थ्रोअर' हे नाव 'वॉरहॅमर' या युद्धखेळातील बाणफेकी यंत्रावरून घेतलेले आहे. १९८७ मध्ये जो बेंच या बास गिटारवादक म्हणून सहभागी झाल्या. पुरुषांचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व असलेल्या या संगीतप्रकारात एका स्त्री-वादकाने अखेरपर्यंत बँडचा आधारस्तंभ म्हणून उभे राहणे ही उल्लेखनीय बाब आहे.

जानेवारी १९८८ मध्ये बीबीसीचे निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी बँडचे ध्वनिमुद्रण झाले. मोठ्या कंपन्यांचे पाठबळ नसलेल्या कलावंतांना सार्वजनिक नभोवाणीने दिलेली ही संधी त्या काळातील ब्रिटिश संगीताच्या इतिहासात महत्त्वाची मानावी लागेल. त्याच वर्षी 'इन बॅटल देअर इज नो लॉ' हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. युद्धात कायदा नसतो, हे त्याचे शीर्षकच पुढील वाटचालीचे सूत्र सांगून जाते. कार्ल विलेट्स हे आता बँडचे गायक होते.

यानंतर नॉटिंगहॅमच्या 'इअरेक' या स्वतंत्र कंपनीने 'रेल्म ऑफ केऑस' (१९८९) प्रकाशित केला. त्याची चित्रसजावट 'वॉरहॅमर'ची निर्माती कंपनी 'गेम्स वर्कशॉप' हिच्या सहकार्याने झाली होती. या अल्बमचे व 'वॉर मास्टर' (१९९१) चे जग बव्हंशी कल्पित आहे. येथे युद्धास स्थळ नाही, काळ नाही आणि मृतांना नावेही नाहीत.

संक्रमण : इतिहासातील रणभूमी (१९९२–२००१)

'द फोर्थ क्रूसेड' (१९९२) या अल्बमपासून दृष्टी बदलू लागते. त्याच्या मुखपृष्ठासाठी फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा यांचे १८४० मधील चित्र निवडले गेले. चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटले, त्या प्रसंगाचे हे चित्र असून घोडेस्वार विजेत्यांपुढे दयेची याचना करणारे नगरवासी त्यात दिसतात. 'फॉर व्हिक्टरी' (१९९४) च्या मुखपृष्ठावर तर १९८२ च्या फॉकलंड युद्धातील ब्रिटिश सैनिक आहेत. बँडच्या सदस्यांच्या स्वतःच्या आयुष्यात घडून गेलेले हे युद्ध होते.

याच सुमारास बँडमध्ये फेरबदल झाले. मार्टिन कर्न्स हे तरुण ड्रमवादक १९९४ मध्ये दाखल झाले आणि मधला अल्पकाळ वगळता आयुष्याच्या अखेरपर्यंत बँडमध्ये राहिले. 'मर्सिनरी' (१९९८) पासून 'मेटल ब्लेड' या कंपनीशी नवा करार झाला. 'ऑनर व्हॅलर प्राइड' (२००१) मध्ये विलेट्स यांच्या जागी डेव्ह इंग्रॅम यांनी गायन केले. सन्मान, शौर्य व अभिमान ही शब्दत्रयी पाहता युद्धाच्या उदात्तीकरणाचा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

अंतिम पर्व : स्मृती आणि निष्ठा (२००५–२०१६)

विलेट्स परतल्यावर 'दोज वन्स लॉयल' (२००५) हा आठवा व शेवटचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचे मुखपृष्ठ लंडनमधील 'गार्ड्‌स मेमोरियल' या १९२६ च्या स्मारकावरील तोफखान्याच्या उठावशिल्पावर आधारित आहे. अल्बमची सांगता 'व्हेन कॅनन्स फेड' या गीताने होते. तोफा शांत झाल्यावर उरते काय, याकडे लक्ष वळवणारे हे शीर्षक पहिल्या अल्बमच्या शीर्षकाशेजारी ठेवून पाहिले असता सतरा वर्षांतील अंतर स्पष्ट होते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे झाल्यास हा प्रवास रौद्राकडून करुणाकडे झालेला आहे.

मात्र या करुणेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. मुखपृष्ठांपुरते पाहता १९९२ च्या चित्रात दिसणारे पराभूत नागरिक १९९४ व २००५ मध्ये आढळत नाहीत; तेथे केवळ सैनिक आहेत. ज्या शहराने १९४० मध्ये आपले नागरिक गमावले, त्याच शहरातील बँडची स्मृती अखेर सैनिकाभोवती स्थिरावली, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. राष्ट्रीय स्मारकांची भाषा स्थानिक दुःखावर कशी मात करते, याचे ते एक उदाहरण मानता येईल.

२००५ च्या अल्बमच्या तोडीचे लेखन होत नसल्यास नवा अल्बम काढू नये, अशी भूमिका घेऊन बँडने पुढे केवळ कार्यक्रमच सुरू ठेवले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी कर्न्स यांचे वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी आकस्मिक निधन झाले. त्यांच्या जागी दुसरा वादक न घेता बरोबर एका वर्षाने, १४ सप्टेंबर २०१६ रोजी, बँडने विसर्जन जाहीर केले. विलेट्स यांनी त्याच वर्षी 'मेमोरियम' हा नवा बँड उभा केला. या नावातही स्मरणाचाच अर्थ आहे.

निष्कर्ष :

१) 'बोल्ट थ्रोअर'च्या आठ अल्बममध्ये विषय एकच राहिला, परंतु कल्पित संहारापासून ऐतिहासिक प्रसंगाकडे आणि तेथून मृतांच्या स्मरणाकडे अशी त्याची तीन टप्प्यांत वाटचाल झाली.

२) स्वतंत्र प्रकाशन कंपन्या व सार्वजनिक नभोवाणी यांच्या आधाराविना हा प्रवास घडणे कठीण होते.

३) युद्धाचे उदात्तीकरण आणि युद्धाचे स्मरण यांतील सीमारेषा धूसर असते. ती कोठे आखली गेली हे पाहताना कोणाचे स्मरण झाले याबरोबरच कोणाचे राहून गेले, हेही तपासले पाहिजे.

समारोप :

निष्ठेवर व सोबत्यांच्या मृत्यूवर तीस वर्षे गाणाऱ्या माणसांवर शेवटी स्वतःच्या सोबत्याला निरोप देण्याची वेळ आली. त्याची जागा त्यांनी रिकामीच ठेवली. कलाकृतीतील मूल्य कलावंतांच्या आचरणात उतरल्याची अशी उदाहरणे विरळा असतात. कर्कश म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या संगीताकडे इतिहासाच्या अभ्यासकाने का वळावे, या प्रश्नाचे उत्तर त्या रिकाम्या जागेत सापडते.