तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय

लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. संत गोरोबाकाकांच्या या गावात पांढरीच्या टेकाडांवर जुनी नाणी, मणी, मृण्मूर्ती सापडत. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या चिकाटीने जमविल्या. पुढे हा खासगी संग्रह राज्य शासनाकडे आला आणि लामतुरे यांच्याच नावाने तेरमध्ये शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई येथील भारतीय मूर्तीशी साम्य दाखविते. वेचून आणलेल्या वस्तूंचा थर नोंदलेला नसतो, त्यामुळे त्यांचा काळ ठरविणे अवघड जाते. १९५८ च्या उत्खननाने तुलनेसाठी आधार मिळाला. मात्र या वस्तू विक्रेत्यांच्या हाती पडून विखुरल्या असत्या, तर तगरच्या वैभवाचा हा पुरावा तेरमध्ये पाहावयास मिळाला नसता.