चढणीच्या वाटेवरच्या भिंती

खानदेशात फड पद्धतीचे बंधारे तीन-चारशे वर्षांपासून आहेत. पांझरा नदीवरचे विशेष प्रसिद्ध. दगडचुन्याची ठेंगणी भिंत, कडेने पाट काढलेला. आषाढात पूर आला की पाणी तिच्या डोक्यावरून जातं, आणि चढणीचे मासे नेमके तेव्हाच अंडी घालायला वर निघतात. बंधारा काही माशांसाठी बांधलेला नव्हता. पण त्यांच्या प्रवासाच्या दिवसांत तो पाण्याखाली असे.

भिंती उंच झाल्या तशी तक्रारही कागदावर आली. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे याने १८७३च्या अहवालात समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणाऱ्या, दक्षिणेतल्या बंधाऱ्यांपाशी अडणाऱ्या हिल्सा माशाबद्दल लिहिलं आणि माशांना वाट ठेवा असं सुचवलं. नर्मदेतला हिल्सा कुठे, कसा अंडी घालतो, हे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५०मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय मत्स्यसंशोधकांनी मध्य प्रदेशातली नर्मदा तपासली. तिथला मानाचा मासा महसीर. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि अंड्यांसाठी गोटेवाळूचा तळ लागतो. पावसाळ्यात तो उपनद्यांत शिरतो. हा अभ्यास चालू असतानाच, ५ एप्रिल १९६१ला, नेहरूंनी नर्मदेवरच्या धरणाची, म्हणजे पुढच्या सरदार सरोवराची, कोनशिला बसवली. तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब इथे चालायची नाही.

१९७९मध्ये नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट पाणी चार राज्यांत वाटलं. महाराष्ट्राला पाव दशलक्ष मिळालं. माशाचं नाव वाटणीत नव्हतं. सरदार सरोवराचे दरवाजे १७ जून २०१७ला बंद झाले, म्हणजे ऐन चढणीच्या तोंडावर. अक्कलकुवा-धडगावच्या काठाला, मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडीपाशी, आता नदी नाही, तलाव आहे.

तलावात कटला-रोहूचं बीज सोडतात आणि विस्थापितांच्या सहकारी संस्था ते मासे धरतात. हे मासेही मुळात पुराच्या पाण्यात वाढणारे; साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पण १९५७मध्ये हिरालाल चौधरींनी कटकला पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली, आणि तेव्हापासून बीजासाठी माशाने प्रवास करायची गरज उरली नाही. धरणाला याहून सोयीचा शोध सापडला नसता.

तापीची गोष्ट निराळी. सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजचे दरवाजे पुरात उचलतात, तेवढ्यापुरता जुन्या बंधाऱ्याचा गुण त्यांत आहे. पण खाली १९७२चं उकाई आहे. तिथून वर समुद्राकडून येणाऱ्याला वाट नाही.

नर्मदेवर, भरूचजवळ, भाडभूतच्या बॅरेजमध्ये हिल्सासाठी मत्स्यमार्ग आखला आहे. गंगेवर फरक्क्यालाही असा मार्ग होता, तरी शास्त्रज्ञ आज हिल्सा धरून, खुणेची पट्टी लावून, हाताने बॅरेजच्या वर सोडतात. भाडभूत चढून जो वर येईल त्याच्यापुढे सरदार सरोवराची भिंत उभी आहे, आणि तिला मत्स्यमार्ग नाही.