मरळ जिवंत होती

तलावात मासे मेले की गावात पहिला शब्द निघतो तो जहराचा. कोणीतरी दुश्मनीनं औषध टाकलं म्हणतात. आमच्या गावातही तसंच झालं होतं.

रामटेक तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. गावाला लागून मालगुजारी तलाव. साल 1988. पोळा जवळ आला होता. आठ दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा नाही, नुसती उमस. तलावाचं पाणी हिरवंगार झालेलं. एका सकाळी ढीवर मोहल्ल्यातून ओरड आली. जाऊन पाहतो तर पाळीच्या कडेनं पांढरी रेघ. दोन-दोन किलोचे रोहू, कतला पोट वर करून पडलेले. ढीवरांच्या संस्थेनं कर्ज काढून बोटुकली सोडली होती, ते सगळं पाण्यात गेलं.

संशय आला एका गरीब माणसावर, कारण संस्थेशी त्याचं भांडण होतं. काठ्या निघाल्या. तेवढ्यात ढीवरांचा एक म्हातारा पुढं झाला. सारं गाव त्याला आजा म्हणे. तो म्हणाला, "थांबा रे पोट्टेहो! जहर असतं त मरळ वाचली असती काय? ते पाहा, मरळ फिरून राह्यली. हे मासे दम कोंडून मेले."

खरंच, एकही मरळ मेली नव्हती, मागूरही नव्हता. हे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेतात. रोहू-कतल्याला तसं जमत नाही, त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायूच लागतो. आजा शाळेत गेला नव्हता, पण त्याच्या त्या एका बोलानं एक माणूस मार खाता खाता वाचला.

याचं कारण मला पुढं शेतकऱ्यांच्या एका शिबिरात समजलं. हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळ. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच घेतं. म्हणून झुंजुरक्याला पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ऊनच पडलं नाही तर दिवसाची भर होत नाही. शेवाळ मरून सडलं की उरलेलाही जातो. वरून गरमी. 20 अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. तो फार खाली गेला की रोहू तगत नाही, आणि मोठे मासे आधी जातात.

शिबिरात हे ऐकताना माझी मान खाली गेली. शेवाळाला खायला कोणी घातलं? तलावाच्या वरच्या अंगाला आमचं शेत. त्या साली मी युरिया आणि डीएपी फेकला आणि दुसऱ्याच दिवशी धो धो पाऊस आला. खत वाहून कुठं जाणार? एकट्या माझ्याच शेतातलं नव्हतं, पण माझंही होतं. आजाला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझे वडील मालगुजारीच्या काळातली गोष्ट सांगत. उन्हाळ्यात तलाव आटला की लोक बंड्या जुंपून गाळ काढत आणि आपल्या बांध्यांत टाकत. धानाला खत मिळे, तलाव खोल राही. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मग गाळ कोणी काढायचा? तो तिथंच सडू लागला. पूर्वी तलावाचं खत शेतात जायचं, आता शेताचं खत तलावात जातं.

नागपुरात माझी मुलगी महालाकडे राहते. तिच्याकडे गेलो की मी गांधीसागरावर जातो. हाच जुना शुक्रवारी तलाव. 1702 च्या सुमारास बख्त बुलंदशहानं बारा पाड्या जोडून नागपूर वसवलं आणि पुढं चांद सुलतानाच्या काळात शहराला पाणी मिळावं म्हणून हा तलाव बांधला. ज्या तलावाचं पाणी शहर प्यालं, त्यातच आता शहराची घाण उतरते. इथंही मासे मरतात. फुटाळ्याच्या, अंबाझरीच्या बातम्याही पेपरात येतात. कोणी विसर्जनावर बोट ठेवतो, कोणी केमिकलवर. निर्माल्य सडतं, रंग उतरतात, हे खरंच आहे. पण विसर्जन वर्षातून काही दिवस आणि नालीचं पाणी बारा महिने. त्या सांडपाण्यावर शेवाळ पोसतं, अंबाझरीत जलपर्णी पोसते.

जहरानं मासे मरतच नाहीत असं मी म्हणत नाही. कारखान्याचं पाणी, फवारणीचं औषध यांनीही मरतात. पण तेव्हा सहसा मरळही सुटत नाही. म्हणून मासे मेले तर आधी मरळ पाहा. पाण्याचा नमुना घ्यायचा तर पहाटे घ्या. साहेब दुपारी येतात, तोवर ऊन पडून प्राणवायू वाढलेला असतो आणि कागदावर सारं ठीक दिसतं.

मी आता पावसाचा अंदाज पाहूनच खत टाकतो, तेही थोडं थोडं. तलावाकडच्या धुऱ्यावर गवत राखलं आहे. पोळ्याआधी आभाळ भरून राहिलं की आजही झुंजुरक्याला उठून पाळीवर एक चक्कर मारतो.