वायरिंग उतरवण्याचा इतिहास

प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची नोंदलेली काळी-पिवळी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. निरोपाचे लेख पुष्कळ आले. त्यांत तिच्या वायरिंगची आठवण कोणी काढल्याचे माझ्या वाचनात नाही. पण गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा इतिहास पाहायचा, तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. १९६४ची ‘डिलाइट’ पुढे सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. तिच्या इंजिनाकडे जाणाऱ्या तारा मोजक्याच: कॉइल, स्टार्टर, चार्जिंग, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावायचा, टोक तारेला टेकवायचे, दिवा पेटला की करंट आहे. तार खराब निघाली तर वायरिंग कोणी उतरवत नसे. शेजारून नवी तार ओढायची, वर काळी टेप गुंडाळायची. जुनी तार आतच मरून पडे. कित्येक टॅक्सींत त्यामुळे वायरिंगच्या दोन-दोन पिढ्या एकत्र नांदत.

ही पद्धत मोडली ती हवेच्या प्रदूषणामुळे. मुंबईत २००१ साली नव्या मोटारींना भारत स्टेज दोनचे निकष लागू झाले. कार्बोरेटर मागे पडला आणि इंजेक्शन आले, त्याच्या जोडीला संगणक आणि सेन्सर. अनेक सेन्सर अवघ्या पाच व्होल्टवर चालतात. तिथे जुना टेस्ट लॅम्प लावणे म्हणजे नाजूक सर्किटवर नको तेवढा भार टाकणे. कारागिराच्या हाती मल्टीमीटर आला तो असा, गरजेपोटी.

आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेल्या नवी मुंबईला पाणी नवे नाही. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले ते याचसाठी. बुडालेल्या गाडीचे इंजिन तेल बदलून, धुऊन-पुसून पुन्हा चालू होऊ शकते. वायरिंगचे तसे नसते. कपलरमध्ये किंवा सोललेल्या जागी शिरलेले पाणी तांब्याच्या बारीक तंतूंमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वेष्टनाच्या आत पुढे सरकते. महिन्यांनी तांबे हिरवे पडते. खाडीची खारी हवा आणि तारा कुरतडणारे उंदीर हेच काम पुराशिवायही करतात.

अशा वेळी वायरिंग उतरवावेच लागते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. प्रत्येक कपलरवर खूण करायची, फोटो काढायचे. कपलर तार धरून ओढायचा नसतो; त्याचे कुलूप दाबून तो सुटतो, आणि जुन्या प्लॅस्टिकचे हे कुलूप हमखास तुटते. गुच्छ बाहेर काढून फळीवर पसरायचा, मग एकेका तारेची दोन टोके तपासायची. इथेच मीटर फसवतो. वीस तंतूंपैकी एकच शाबूत असला तरी तो ‘तार ठीक’ असे सांगतो, कारण तपासणीचा प्रवाह नगण्य असतो. त्याच तारेवर हेडलाइटचा बल्ब जोडावा, बल्ब मंद पेटला की चोर सापडतो. गुच्छ हलवत, वाकवत मीटरचा आकडा पाहणे ही दुसरी परीक्षा. टेप सोलायची ती त्यानंतर, आणि सगळ्यात आधी जिथे गुच्छ इंजिनाच्या कंपनाने पत्र्यावर घासतो तिथे.

कारखान्यातही हार्नेस अजून बऱ्याच अंशी हातांनीच, खुंट्या ठोकलेल्या फळीवर गुंफला जातो. युक्रेनमधले असे कारखाने २०२२च्या युद्धात थांबले, तेव्हा जर्मनीतल्या मोठ्या मोटार कंपन्यांना उत्पादन रोखावे लागले होते. गॅरेजमधला कारागीर तीच फळी उलट्या क्रमाने वाचतो, तीही बहुधा नकाशाशिवाय.

पण या वाचनाला दिवस लागतात, आणि मजुरीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक मागे सरते. जुन्या मॉडेलचा नवा हार्नेस मिळेलच असे नसते. भंगारातल्या गाडीचा आणावा, तर तोही पावसात पडून राहिलेला. मग कारागीर तुटलेल्या तारेशेजारून दुसरी तार ओढतो, टेप गुंडाळतो आणि गाडी चालू करून देतो, अगदी पद्मिनीला करत तसेच.