मॅकडोनाल्ड मोजले, जात कोण मोजणार?

देश किती जागतिक झाला हे मोजण्याचा एक प्रसिद्ध निर्देशांक झुरिचच्या केओएफ संस्थेचा आहे. आर्थिक, सामाजिक, राजकीय असे त्याचे तीन भाग. सामाजिक भागात पर्यटक, स्थलांतरित, आणि चक्क मॅकडोनाल्डची दुकानेही मोजतात! राजकीय भागात दूतावास, शांतिसेना, आंतरराष्ट्रीय करार.

1991 साली भारताची आयात-निर्यात जीडीपीच्या 17 टक्क्यांच्या आसपास होती, 2012 पर्यंत ती 55 टक्क्यांवर गेली. याच काळात सरकारी उद्योग विकायला निघाले, आणि खाजगी कंपनीत आरक्षण नाही. आमच्या गेलेल्या नोकऱ्या कुठल्या रकान्यात लिहायच्या?

करारांचेही तेच. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1968 साली मान्य केला. 2001 साली डर्बनच्या परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे. भांडवलाला दार उघडे, आमच्या तक्रारीला बंद! पुढच्याच वर्षी त्या कराराच्या समितीने जन्माधारित भेदभावात जात येते असे स्पष्ट केले.

हिंदू परदेशी गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, हे केतकरांचे मत बाबासाहेबांनी 1916 सालीच न्यूयॉर्कमधल्या आपल्या निबंधात नोंदवले होते. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलच्या नगर परिषदेला जातिभेदावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला.