माणदेशाचे ऋतू आणि व्यंकटेश माडगूळकरांची रेषा

माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड ज्या प्रदेशात मोडते त्याला माणदेश म्हणतात; आजच्या माण, खटाव, आटपाडी, सांगोला आणि जत या तालुक्यांचा कमीअधिक भाग त्यात येतो आणि सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या हद्दी या एकाच माळरानावरून गेलेल्या आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आणि पुढे महादेवाच्या डोंगररांगेवर आपले पाणी सांडून हलके होतात व मगच या मुलखात उतरतात, म्हणून हा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे पावसाला पारखा झालेला प्रदेश ठरतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरावर जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माणला वर्ष काढावे लागते, आणि तोही बहुतेक जाता-जाता, भाद्रपद-आश्विनात पडतो. या भूमीच्या ऋतूंना मराठी चित्रकलेत आणि साहित्यात चेहरा कसा मिळाला, याचा इतिहास लहान असला तरी त्यात एक संस्थान, एक कलाशहर आणि एक चित्रकार-लेखक असे तीन धागे गुंतलेले आहेत.

भारतीय चित्रपरंपरेत ऋतू हा विषय नवा नाही. राजस्थानी व पहाडी लघुचित्रांत, म्हणजे पोथीच्या पानाएवढ्या आकारात बारीक कुंचल्याने रंगवलेल्या चित्रांत, बारमासा नावाचा प्रकार रूढ होता. त्यात वर्षाच्या बारा महिन्यांची पार्श्वभूमी घेऊन नायक-नायिकेच्या मीलनविरहाचे प्रसंग काढले जात. दख्खनच्या रागमालाचित्रांतही मेघ राग वर्षेशी आणि हिंदोल वसंताशी जोडलेला असे. या सर्व परंपरेने काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या: आषाढ आला की ढग दाटणारच, श्रावणात झोके बांधले जाणारच, वसंतात आंबा मोहरणारच. माणदेशात मात्र आषाढ कोरडा जाऊ शकतो आणि श्रावण केवळ वाऱ्याचा असू शकतो. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याने सहा ऋतूंपेक्षा पावसाची नक्षत्रे अधिक जवळची मानली. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, त्या अवधीला त्या नक्षत्राचा पाऊस म्हणतात. रोहिणीत वळवाची एखादी सर येते, मृगावर बाजरी, मटकी, हुलगा यांची पेरणी ठरते, मृग हुकला तर आर्द्रेकडे डोळे लागतात, आणि सारी खरी भिस्त उत्तरा व हस्तावर, ज्याला गावकरी हत्तीचा पाऊस म्हणतात त्यावर, असते. कारण त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पेरला जातो आणि नंतर एक थेंबही न पडता जमिनीत मुरलेल्या पाण्यावर तो माघ-फाल्गुनापर्यंत उभा राहतो.

ही सहनशक्ती केवळ पिकात नाही. हिवराची पांढुरकी साल, बाभळीचे काटे, पाने जवळजवळ नसलेल्या नेपतीच्या झुडपावर ऐन उन्हाळ्यात फुटणारी लाल फुले, आणि जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून दुष्काळातही पिवळ्याधमक फुलांनी भरलेला तरवड, ही सारी कमी पाण्यात जगण्याची सिद्ध झालेली रूपे आहेत. माणसांनीही तशीच रूपे घडवली. कमी चाऱ्यावर तग धरणारे खिलार बैल खरसुंडीसारख्या यात्रांच्या बाजारांत विकले जात, आणि मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी म्हसवडच्या बाजारात येत. काळा, पांढरा आणि करडा हे मेंढीच्या अंगचेच रंग त्या घोंगड्यांत उतरत. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी ही म्हसवडची दैवते असून त्यांच्या विवाहाचा सोहळा दिवाळीनंतर सुरू होतो व मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथयात्रेने त्याची सांगता होते. हस्ताचा पाऊस झाला असेल तर या वेळी शाळू शिवारात डुलत असतो, आणि झाला नसेल तरीही गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत रथ ओढला जातोच.

दुष्काळ हा या प्रदेशाच्या कालगणनेतील सातवा ऋतू म्हणावा इतका नियमित आहे. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात सरकारने लोकांना मजुरी मिळावी म्हणून जी कामे काढली त्यांतूनच राजेवाडीजवळ माणगंगेवर मोठा तलाव उभा राहू लागला, जो म्हसवडचा तलाव म्हणूनही ओळखला जातो. आज त्या पाण्याकडे पाहणाऱ्याला ते निसर्गदृश्य वाटते. परंतु त्याचा बांध उपाशी माणसांनी डोक्यावर माती वाहून घातलेला आहे, हे विसरून त्या दृश्याचे वर्णन करणे अन्यायाचे होईल.

म्हसवड ब्रिटिश मुलखात असले तरी त्याला लागूनचा आटपाडी महाल औंध संस्थानात होता. बहात्तर गावांच्या या लहान संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांची रामायणावरील चित्रमालिका १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा त्यांनी ध्यास घेतला, आणि १९३८ साली औंधच्या यमाईच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभारून राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांच्यासारख्यांची चित्रे, जुनी लघुचित्रे आणि पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती प्रजेसमोर मांडल्या. चित्रकार म्हणून नाव मिळवून पुढे वेदाभ्यासाकडे वळलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यांच्याच आश्रयाने औंधला राहिले, आणि त्यांचे पुत्र माधव सातवळेकर औंधच्या वातावरणात वाढून पुढे राज्याचे कला संचालक झाले. खेड्यात राहणाऱ्या मुलाला अस्सल तैलचित्र डोळ्यांनी पाहायला मिळावे, ही गोष्ट त्या काळी किती दुर्मीळ होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. मात्र या राजाश्रयाची नजर प्रामुख्याने पुराणप्रसंग, व्यक्तिचित्रे आणि अभिजात आदर्श यांच्यावर खिळलेली होती. संस्थानाच्या वेशीबाहेर पसरलेले माळ, त्यावरचे धनगरवाडे आणि कोरडे ओढे यांना चित्रविषयाची प्रतिष्ठा देणारी दृष्टी दुसरीकडून यायची होती.

ती काही अंशी कोल्हापुरातून आली. तिथे आबालाल रहिमान (निधन १९३१) या चित्रकाराने शाहू महाराजांच्या आश्रयाने काम केले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून एकच तळे, तीच झाडे, तोच काठ निरनिराळ्या प्रहरी व निरनिराळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा रंगवला. स्टुडिओत बसून स्मरणाने न रंगवता प्रत्यक्ष जागेवर जाऊन, बदलता उजेड पकडत चित्र काढण्याची ही रीत त्यांच्यामागे कोल्हापूरच्या चित्रकारांत रुजली. त्यांच्या निसर्गचित्रांत ओलावा आहे, पाण्यावर थरथरणारी प्रतिबिंबे आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. पंचगंगेचा तो मुलूख भरल्या पाण्याचा.

याच कोल्हापुरात चित्रकला शिकण्याच्या ओढीने माणदेशातला एक तरुण गेला. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म ६ जुलै १९२७ रोजी औंध संस्थानातील माडगूळ या गावी झाला, कवी ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले बंधू. शालेय शिक्षण अर्धवट सुटले, १९४२ च्या चळवळीत ते ओढले गेले, निंबवडे येथे काही काळ त्यांनी शिक्षकी केली, आणि चित्रकार होण्याची मूळ इच्छा अखेर लेखनाच्या वाटेने पुरी झाली. तथापि त्यांच्यातील चित्रकार कधी निवृत्त झाला नाही. पशुपक्ष्यांची, झाडांची व माणसांची रेखाटने, म्हणजे रंगाचा आधार न घेता केवळ रेषेने उभी केलेली चित्रे, ते आयुष्यभर करत राहिले आणि आपल्या काही पुस्तकांसाठी त्यांनी स्वतःच चित्रे काढली.

त्यांनी रंगापेक्षा रेषेला जवळ केले, यामागे भूमीचा वाटा मोठा असावा असे मानण्यास जागा आहे. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो आणि ओल्या कागदावर रंग एकमेकांत मिसळू देऊन धुके, पाऊस, दाट झाडी साधता येते. कोकणाला किंवा मावळाला हे माध्यम सहज मानवते. माणदेशात मात्र हवा कोरडी, उजेड कडक आणि पाने थोडी असल्याने झाडाचा सांगाडा उघडा पडलेला असतो, क्षितिजावर एकटी बाभूळ किंवा काठी टेकून उभा असलेला मेंढका स्पष्ट कडांनी दिसतो, आणि जे दिसते ते आधीच रेषेत दिसते. अशा मुलखात ज्याची नजर घडली त्याला फापटपसारा टाकून नेमके तेवढेच ठेवण्याची सवय लागते.

ही सवय त्यांच्या गद्यातही उतरली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकातील व्यक्तिचित्रे विशेषणांनी सजवलेली नाहीत. माणसाचे बसणे, चालणे, बोलणे यांच्या दोन-चार फटकाऱ्यांत ती उभी राहतात. १९५५ च्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत तर ऋतू हेच कथेचे बळ आहे. धनगरांच्या एका लहान वाडीत तरुण मास्तर येतो, शाळा भरू लागते, तालमीची इमारत उभी राहते, संस्थानचे राजे वाडीत येतात, आणि मग पाऊस दडी मारतो; मेंढरे मरू लागतात, कारभारी जातो आणि माणसे वाडी सोडून जगायला बाहेर पडतात. ‘जगायला जाणे’ ही माणदेशाची नित्याची क्रिया आहे. दुष्काळात गाव सोडणे हा तिथे पराभव समजला जात नाही. पाऊस झाला की परतायचे, या हिशेबानेच घराला कडी लावली जाते. कादंबरीचा शेवट उजाड असूनही वाचकाला तो मृत्यूसारखा वाटत नाही, याचे कारण लेखकाने वर्षाचे चक्र एक वळण आधी थांबवले आहे, एवढेच. या कादंबरीतील मोठेपणा अनेकांनी ग्रामीण वास्तवात शोधला. तो तितकाच चित्रकाराच्या नजरेत, माळाच्या बदलत्या रंगाच्या अचूक नोंदींत आहे.

१९५५ पासून पुणे आकाशवाणीवर नोकरी करताना त्यांचे लक्ष अधिकाधिक रानाकडे वळले. विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात राहून त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले, आणि वानरांच्या टोळीतील सत्तेच्या उलथापालथीवर ‘सत्तांतर’ ही कादंबरी लिहिली, जिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माळावर वाढलेल्या माणसाने जंगलाचे इतके संयत चित्र काढावे याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही; पाणवठ्याशी निश्चल बसून वाट पाहण्याची कला पावसाची वाट पाहणाऱ्या प्रदेशातच उत्तम शिकता येते. २८ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी कलेतिहासाने त्यांच्या रेखाटनांकडे पुस्तकांची पूरक सजावट म्हणून पाहिले आहे आणि हे दुर्लक्ष भरून काढण्याची वेळ आलेली आहे, कारण त्यांचे लेखन व रेखाटन ज्या माळाच्या पोटी आले तो माळ आता झपाट्याने बदलत आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडी भागात पोहोचले, उरमोडीचे पाणी माणकडे आले, डाळिंबाच्या बागा वाढल्या, आणि पडीक जागी वेड्या बाभळीने हिवर, बोर व नेपती यांची जागा घेतली. पाणी आले ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जगायला बाहेर पडलेल्या लोकांच्या दृष्टीने आनंदाचीच आहे आणि तिच्याविषयी हळहळ करणे परक्या पाहुण्यालाच परवडेल. परंतु शाळूच्या ओलीवर, मेंढरांच्या वाटेवर आणि हत्तीच्या पावसावर बेतलेले जे वर्ष माणदेशाने शतकानुशतके जगून दाखवले, त्याची जवळून पाहून केलेली नोंद थोड्याच ठिकाणी सापडते. औंधच्या टेकडीवरील संग्रहालयात रविवर्म्याच्या शेजारी या रेखाटनांसाठी एक भिंत राखून ठेवली, तर ज्या संस्थानाच्या प्रजेत हा चित्रकार जन्मला त्या संस्थानाच्या संग्रहात माणदेशाच्या ऋतूंनाही हक्काची जागा मिळेल.